माझ्या नावाचं गाऱ्हाणं

शिमग्यात देवाची पालखी आमच्या अंगणात टेकली तेव्हा माझी बायको, शैला, ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. ढोल थांबले. नारळ हातात घेऊन अण्णा खोत पुढे झाले. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान खोतांच्या घराचा. ज्याच्या अंगणात पालखी, त्याच्या घरचं सुखदुःख त्यांनी मोठ्याने देवाच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक मागणं संपलं की जमलेल्यांनी एका सुरात होकार भरायचा. अशी रीत.

"बा देवा म्हाराजा! आज तू ह्या तुझ्या लेकराच्या अंगणात आलायस..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरावर जी काय इडापिडा असेल ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराचं पुरुषपण दोन वरसं निजलंय, ते तू जागं कर. आमचा डॉक्टर मुंबईचा मोठा सर्जन आणतोय, त्याच्या हाताला यश दे. म्हातारीला नातवाचं तोंड दाखव..."

"व्हय म्हाराजा!"

अख्खी वाडी म्हणाली. बायका म्हणाल्या, पोरं म्हणाली. माझी आईही म्हणाली.

मीही म्हणालो.

वाक्य कानात शिरायच्या आधीच माझ्या तोंडून होकार निघून गेला होता. अर्थ मागाहून आला, उशिरा येणाऱ्या गाडीसारखा. तोवर मागच्या बाजूला कुणीतरी फसकन हसलं होतं, आणि ढोलवाल्याने टिपरीचा एकच ठोका हाणला होता. ठोका अगदी वेळेवर पडला. मग सगळं अंगण हसलं. अण्णा हसले नाहीत. त्यांचे डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर आमच्याबद्दलची करुणा होती. शैलाने ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि ती आत निघून गेली. पालखी ओवाळून न घेताच पुढच्या घरी गेली.

नव्या सहस्रकाचं कौतुक तेव्हा अजून ओसरलं नव्हतं. मी दापोली स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली रद्द, हे दिवसभर माईकवरून सांगायचं. माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणत. दोन घोषणांच्या मधल्या वेळात मी वाचत असे. मराठी, इंग्रजी, जे हाताला लागेल ते. हा नाद मला खोतांच्या माडीवरच्या कपाटाने लावला. माझा बाप त्यांचं कूळ. आंब्याच्या दिवसांत तो त्यांच्या बागेत राबायचा, मी माडीच्या जिन्यावर बसून वाचायचो, आणि खोतांचा धाकटा, अण्णांचा भाऊ, मला एकेक पुस्तक काढून द्यायचा. आम्ही एका वयाचे. पुढे तो डॉक्टर झाला आणि दापोलीत दवाखाना थाटून बसला.

माझ्या बापाला एक कला साधली होती. खोतांच्या अंगणात उभं राहून, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत होय म्हणायची. जमीन आम्हाला कायद्याने मिळाली. होय म्हणणं रक्तातून आलं.

मला साखर निघाली ती या धाकट्या खोतांच्याच दवाखान्यात. मग ब्लडप्रेशर निघालं. गोळ्या सुरू झाल्या. आणि वर्षभरात ते दुसरं सुरू झालं. किंवा बंद झालं म्हणा. पहिल्यांदा दमणूक वाटली, मग काळजी वाटली, मग मी अंथरुणात पुस्तक घेऊन झोपायला लागलो. शैला दिवा मालवायच्या आधी माझ्या पुस्तकाचं नाव तेवढं बघायची. आम्हाला एक मुलगी आहे. आईला नातू हवा होता, ते ती रोज भिंतीला सांगायची.

शेवटी मी डॉक्टरांना सांगितलं. दवाखान्यात कुणी नाही असं बघून, एका पुस्तकावर बोलता बोलता, मध्येच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, हे आपल्या दोघांत राहील," ते म्हणाले. "आणि घरी आत्ता काही बोलू नकोस. बायका उगाच घाबरतात."

मी त्यांना तुम्ही म्हणायचो. ते मला तू. एका वयाचे असून हे कसं, असा प्रश्न मला तोवर पडला नव्हता, आणि मी स्वतःला विचार करणारा माणूस समजत होतो.

जानेवारीत मुंबईचे सर्जन आले. दर रविवारी ते कोकणात कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात येत. मला आत बोलावलं. पडदा अर्धाच ओढलेला. पलीकडे कंपाउंडर, त्याच्यामागे औषधं विकायला आलेला एक टायवाला. मी पँट खाली करून उभा. सर्जनने दोन बोटांनी पाहिलं, आंबा पिकलाय का बघावा तसं, आणि ते डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. केस चांगली आहे, उद्घाटनाला शोभेल, रॉड टाकून देऊ. मग त्यांनी मराठीत विचारलं, "ह्यांना कळतं ना काय करणार ते?"

"हो, हो. वाचतो बराच," डॉक्टर म्हणाले.

ते इंग्रजी मला कळत होतं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही म्हणायचं, कारण 'उद्घाटन' हा शब्द ऐकून मी काही विचारलं नाही. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"करूया ना? तुला एक पैसा पडणार नाही."

"हो डॉक्टर."

वाक्य संपायच्या आत.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेलो तेव्हा गोष्ट माझ्याआधी पहिल्या गाडीने पोचली होती. मंडणगडच्या ड्रायव्हरने खिडकीत डोकं घातलं.

"साहेब, गाडी स्टार्ट होत नाय म्हणं. पोरं पाठवू काय धक्का मारायला?"

विनोद वाईट नव्हता. दुसऱ्या कुणावर असता तर मीही हसलो असतो. मी माईक चालू केला आणि मंडणगडची गाडी सुटत असल्याचं जाहीर केलं. सगळा स्टँड हसला. त्या दिवशी मी जे जाहीर करीन त्याला स्टँड हसणार होता.

दुपारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर जेवून सुपारी कातरत होते.

"तुम्ही अण्णांना का सांगितलंत?"

"अरे, अण्णाला सांगितलं ते देवाच्या कानावर घालायला. गावात कुणाला बोललो असेन तर विचार."

"अख्खी वाडी होती अंगणात."

"मग? आपल्या गावात परकं कोण आहे?" त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आणि तू एवढं वाचतोस, तुला कसली रे लाज?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. वैर असतं तर समजून घेतलं असतं. वैऱ्याला निदान आपण माणूस आहोत एवढं माहीत असतं. इथे मी त्यांच्या घरचा होतो. त्यांच्या बैलाला काय झालंय हे शेजाऱ्याला सांगताना कुणी बैलाची परवानगी घेत नाही.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. दवाखान्यामागे नवं ऑपरेशन थिएटर बांधून झालं होतं. अक्षय तृतीयेला उद्घाटन. मंत्री येणार, सर्जन येणार, आणि त्या मुहूर्तावर पहिलं मोठं ऑपरेशन व्हायचं होतं. माझं. तालुक्यात असं ऑपरेशन कधी झालं नव्हतं.

"तुझंही भलं होईल," ते म्हणाले. माझं भलं यादीत शेवटी आलं, पण आलं.

त्या रात्री शैला पहिल्यांदा बोलली. पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन, आणि मला ते देवाबरोबर कळलं."

मी उशी नीट करू लागलो.

"करणार काय आहेत ते नक्की?"

"रॉड बसवतात आत."

"मग?"

"मग काय?"

"मग तो काढता येतो? आवडला नाही तर? पिकला तर? गोळ्या देऊन बघितल्या का आधी? की एकदम करवत?"

यातलं काहीच मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. दुकानात चपला घेताना मी यापेक्षा जास्त चौकशी केली असती.

"तो तुम्हाला अरे-तुरे करतो," ती दिवा मालवताना म्हणाली, "आणि तुम्ही त्याला अहो-जाहो. तिथेच ऑपरेशन झालंय तुमचं."

आठवड्याने आम्ही दोघं सकाळच्या गाडीने रत्नागिरीला गेलो. तिथे एका बोळात, जिन्याखाली, मूत्रविकारांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता. खाडीपट्ट्यातले मुसलमान, बरीच वर्षं आखातातल्या इस्पितळात काढून परत आलेले. ड्रायव्हर लोकांचे मुतखडे त्यांच्याकडेच जात, म्हणून नाव कानावर होतं. त्यांनी दार स्वतः उठून लावलं. पडदा पुरता ओढला. तपासण्याआधी म्हणाले, "हात लावू ना?" माझं वय चाळीस होतं आणि हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा विचारला जात होता.

तपासून झाल्यावर त्यांनी शैलाला आत बसवलं आणि प्रश्न विचारायला लागले. तंबाखू? होती, मशेरीपासून. साखर? मी आकडा सांगितला. ते चुकचुकले. सकाळी जाग येते तेव्हा काही हालचाल? कधीकधी. "मग अगदीच मेलेलं नाही काही," ते म्हणाले आणि शैलाने मान खाली घातली, पण मला दिसलं, ती हसत होती. मग त्यांनी माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीचं पाकीट हातात घेतलं.

"ही कधीपासून?"

मी सांगितलं. ते पाकिटाकडे बघत राहिले. "ह्या गोळीने काही जणांना हा त्रास होतो. तुम्हाला ह्यानेच झाला असं मी म्हणणार नाही, साखर आहेच. पण बदलून बघायला काय जातं? तुम्हाला हे कुणी बोललं नाही?"

"नाही."

"ती नवी गोळी दिली? पेपरात जिच्यावर विनोद येतात ती?"

"नाही."

"पंप?"

"स्टँडवर आहे एक. हवा भरायचा."

ते मोठ्याने हसले. मग कागदावर चित्र काढून त्यांनी सगळं समजावलं, शैलाकडे बघून जास्त, माझ्याकडे बघून कमी. आधी साखर ताब्यात, तंबाखू बंद, गोळी बदल. मग नवी गोळी, पण छाती नीट तपासून, आणि छातीदुखीची औषधं चालू असतील तर ती अजिबात नाही. जमलं नाही तर हवा ओढून रक्त आणणारा पंप. नाहीतर तिथे घ्यायचं बारीक इंजेक्शन.

"आणि ऑपरेशन?" मी विचारलं.

"वाईट नाही ऑपरेशन. तिकडे मी बघितलीत, सुखी झालेली माणसं बघितलीत. पण आतला भाग स्पंजासारखा असतो, दांडी बसली की तो कायमचा जातो. पुढे दांडी काढली तरी मूळचं परत येत नाही. आणि तुमची साखर आत्ता एवढी, आत्ता चाकू लावला आणि जखम पिकली, तर दांडी काढावी लागेल. मग हेही नाही आणि तेही नाही."

"मग त्याचा विचार करायचा कधी?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे सगळं नीट करून बघितलं आणि उपयोग झाला नाही, किंवा तुम्हाला झेपलं नाही. साखर ताब्यात आहे. काय मिळेल, काय कायमचं जाईल, ते तुम्हा दोघांना कळलंय. आणि तरीही तुम्हा दोघांना हवंय. तेव्हा. माझ्या हौसेने नाही. तुमच्या गावच्या हौसेने तर नाहीच."

परतीच्या गाडीत शैलाने खिडकी घेतली. गाडीने हातखंबा सोडलं. मग ती म्हणाली, "त्यांनी सगळं सांगितलं आणि मग गप्प बसले. बघितलंत?" मी बघितलं होतं. आमच्या उत्तरासाठी गप्प बसलेला शिकलेला माणूस आम्ही दोघं नवीनच बघत होतो.

दापोलीत उतरलो तसा मी दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं, मला आत्ता ऑपरेशन करायचं नाही.

"कुणी डोक्यात भरवलं?"

"कुणी नाही. विचारून आलो."

"पत्रिका छापून झाल्यात. बघू. त्या दिवशी तू ये तर खरा."

माझं 'नाही' त्यांनी ऐकलंच नव्हतं. आमच्या घरातून असा शब्द त्या घरात कधी गेला नव्हता, त्यामुळे तो कुठे ठेवायचा हे त्यांना माहीत नसावं. ते त्यांनी माझी लाज समजून बाजूला सारलं.

अक्षय तृतीयेला मांडव, रांगोळी, सनई. मंत्र्यांसाठी मखमली खुर्ची, तिच्यावर टर्किशचा टॉवेल. फीत कापायची कात्री चांदीच्या ताटात ठेवली होती. त्या दिवशीच्या माझ्या मनःस्थितीत मी तिच्याकडे फार वेळ बघितलं नाही. मी मागे उभा होतो. सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं. "आजच्या पहिल्या शस्त्रक्रियेचे लाभार्थी, खोत घराण्याच्या कुळांपैकीच..." मागच्या रांगांत खसखस पिकली. दोघांनी हाताला धरून मला व्यासपीठावर नेलं आणि कडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. माझ्यासाठी शालही आणली होती. ज्याच्यात उणीव आहे त्याचा सत्कार, ही कल्पना कुणाची होती ते मला अजून कळलेलं नाही.

शुभ कामाआधी गाऱ्हाणं. अण्णा नारळ घेऊन उठले. डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या शुभ घडीला तुझी लेकरं जमलीत..."

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव.

"ज्यांनी ही वास्तू उभी केली त्यांना आयुष्य दे..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गरीब लेकराने आपलं अंग आमच्या डॉक्टरच्या हवाली केलंय..."

या वेळी मी वाक्य ऐकत होतो. एकेक शब्द. घशाशी 'व्हय' आलं. खरं सांगतो, आलं होतं. बापाचं होतं, त्याच्या बापाचं होतं. मी ते गिळलं.

"व्हय म्हाराजा!" मांडव म्हणाला.

तो आवाज विरेपर्यंत मी थांबलो. गाडीच्या इंजिनचा आवाज थांबल्याशिवाय घोषणा करायची नसते.

"नाय म्हाराजा," मी म्हणालो.

मला माईक लागत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. अण्णांचे डोळे उघडले. गाऱ्हाण्याच्या मधोमध त्यांचे डोळे उघडलेले गावाने पहिल्यांदा बघितले असतील.

"मी अंग कुणाच्या हवाली केलेलं नाही," मी म्हणालो. "ऑपरेशन मी आज करत नाहीय. करायचं ठरलं तर ते मी आणि माझी बायको ठरवू. गाऱ्हाणं पुढे चालू द्या."

शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरलो. बायकांच्या बाजूला शैला उठून उभी राहिली होती. आई तिचा पदर धरून खाली ओढत होती. "बस गो बाय, बस. खोतांला कोण नाय म्हणतं काय?" शैलाने पदर सोडवून घेतला.

मांडवाच्या तोंडाशी डॉक्टरांनी मला गाठलं. "उपकार विसरलास," ते दातांतून म्हणाले. "त्या कपाटातली पुस्तकं वाचून वर आलास."

"त्यातलं एक अजून माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "उद्या आणून देतो तुला."

'तुला' म्हणालो. ठरवून म्हणालो. 

पुढच्या शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली नाही. पाणंदीवरून ढोल वाजत पुढे गेले. अण्णांचा निरोप आला होता: खोतांच्या अंगणात येऊन नारळ ठेव, माफी माग, पालखी येईल. आई दिवसभर जेवली नाही. "आता देवाला काय सांगू मी?" म्हणत राहिली.

"देवाला सगळं सांगून झालंय, आई," शैला म्हणाली. "अण्णांनीच सांगितलंय."

मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. अंगण शिमग्यात सारवतो, रांगोळी काढतो आणि दार उघडं ठेवतो. ज्याला यायचं त्याने यावं. माफी नाही.

बरा झालो का, असं लोक विचारतात. सरळ उत्तर देतो: अर्धा. ब्लडप्रेशरची गोळी बदलली, तंबाखू सुटली, साखर हळूहळू उतरली. नवी गोळी कधी लागू पडते, कधी नाही. पंप आणला; तो बघून आम्ही दोघं इतके हसलो की त्या दिवशी बाकीचं राहून गेलं. इंजेक्शन मला झेपलं नाही. गेल्या खेपेला रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, "आता विचार करायचा तर करता येईल. घाई नाही." आणि गप्प बसले.

आम्ही विचार करतोय. स्वयंपाकघरात बसून, दोघं मिळून. कुठल्या प्रकारची दांडी, काय जाईल, काय मिळेल, पुन्हा उघडावं लागलं तर काय. कदाचित करू. कदाचित आहे त्यात राहू. शैला म्हणते, मला काय हवंय ते मला विचारलंत हेच मोठं, बाकीचं बघू. उद्घाटन होणार नाही. मुहूर्त आम्ही काढू.

माझं दुखणं गावाला कळलं म्हणून मी रागावलो, असं काही जण समजतात. तेच दुखणं मी इथे माझ्या तोंडाने सांगितलंय, नीट ऐका. राग वेगळा आहे. माझ्या अंगणात, माझ्या नावाने, माझ्या अंगाबद्दल दुसरा माणूस बोलला, आणि त्याला होकार माझ्याकडून वदवून घेतला. तो होकार मी परत घेतलाय.

यापुढे माझ्या तोंडून होय निघेल ते पूर्ण वाक्य ऐकून झाल्यावर. तोवर उत्तर 'नाही' असं धरून चालावं.